फ्रीजरमधला चीक

बेंबळीत म्हैस व्याली की ती बातमी आधी वासानं कळते. चीक चुलीवर चढला, त्यात गूळ आणि वेलदोडा पडला, की दुपारी आडवी झालेली गल्ली कूस बदलून जागी होते. मग घराघरांकडं झाकलेल्या वाट्या निघतात. सिद्धम्माच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, त्यामुळं वर्षातून तीन-चारदा तरी तिच्या वाट्या निघायच्याच. खरवस विकायचा नसतो, वाटायचा असतो. आणि तो कुणाकुणाला वाटायचा हे सिद्धम्माला तोंडपाठ होतं. कुणाला वाटायचा नाही, हेही पाठ होतं. वाटीवर झाकण, झाकणावर कोळशाचा तुकडा, वरून नेणारीचा पदर, अशा बंदोबस्तात ती वाटी पार्वतम्माच्या दारावरून पुढं जायची. पार्वतम्माकडं तासाभरानं ताकाचा तांब्या यायचा. ताकाला कुणाची दृष्ट लागत नसावी.

पार्वतम्माला मूलबाळ नव्हतं. तिची नजर वाईट, असं गावात बोललं जायचं. कुणी पहिल्यांदा म्हटलं, कधी म्हटलं, तिला ठाऊक नव्हतं. तेरहून लग्न होऊन आली तेव्हा तसं काही नव्हतं, दोन-तीन वर्षांनी मात्र होतं. आता ती पन्नाशीला टेकली होती. कडेवर तान्हं घेऊन कुणी समोरून आलं की ती आपणच मान फिरवून उभी राहायची, कुंपणाकडं नाहीतर आभाळाकडं बघत. समोरचीनं घाईघाईनं लेकरावर पदर ओढलेला बघण्यापेक्षा ते बरं. अठ्ठावीस वर्षांत तिनं एकही तान्हं बाळ सरळ डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मोठ्या पोरांचं तसं नव्हतं. तिचा नवरा मल्लिनाथ बेंबळी ते धाराशिव टमटम चालवायचा, आणि ती पुढच्या खोलीत गारेगार विकायची. खोलीत पांढरा डीप फ्रीजर होता, पेटीसारखा, वरून उघडायचा. शाळा सुटली की पोरं खिडकीशी झोंबायची आणि लाल-हिरव्या जिभा काढत घरी जायची. त्यांच्या आया काही बोलत नसत. शाळेत नाव घातलं की पोरं नजरेला पुरून उरतात, असं गावानं ठरवून टाकलं असावं.

चार एप्रिलला दुपारी चारच्या सुमाराला सिद्धम्माची सून शिवप्रिया मागल्या दारानं आली. पोट असं पुढं आलेलं की दारातून आधी पोट आलं, मग ती. पार्वतम्मानं सवयीनं मान फिरवली.

"मावशी, अजून पोटातच हाय, बगा की हिकडं," शिवप्रिया म्हणाली आणि पदराखालून एक स्टीलची डबी काढली.

डबीत एक बिनसुईची इंजेक्शनची नळी होती, करंगळीएवढी, तोंडाला टोपण लावलेली. तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि तारीख. आत तळाशी काहीतरी पिवळं होतं. हळदीचं बोट पुसावं एवढंच.

"ह्ये काय?"

"चीक. माझा."

पार्वतम्मा खाटेवर बसली.

मग शिवप्रियानं सगळं सांगितलं. तिला पहिल्या खेपेला गरोदरपणात साखर झाली होती, ह्याही खेपेला झाली होती. अशा आईच्या बाळाची साखर जन्मल्या जन्मल्या खाली उतरू शकते. पहिल्या पोरीची उतरली. झटके आले, आठ दिवस ती काचेच्या पेटीत होती. इकडं हिला दूध भरून आलं आणि प्यायला कुणी नाही. आठ दिवस हिनं ते मोरीत पिळलं. पोरगी परत आली ती बाटलीची होऊन. आता अडीच वर्षांची झाली, खेळतेबागडते, पण ते आठ दिवस शिवप्रियाच्या डोक्यातून जात नव्हते. ह्या वेळी धाराशिवच्या दवाखान्यातल्या निकिता सिस्टरनं डॉक्टरांना विचारून तिला शिकवलं होतं: सदतिसावा आठवडा लागला की दिवसातून दोनतीनदा, हलक्या हातानं, थेंब थेंब काढायचा, नळीत धरायचा आणि गोठवून ठेवायचा. पोट आवळायला लागलं तर थांबायचं. बाळ जन्मलं आणि त्याला लगेच ओढता आलं नाही, तर आईचाच चीक त्याच्या गालात सोडायचा.

"आन् सासूला म्हाईत न्हाय," पार्वतम्मा म्हणाली.

"आत्यांना कसं सांगू? त्या म्हणत्यात, व्यायच्या आधी चीक काढला की वासरू उपाशी राहातं."

"म्हशीचं खरंच तसं असतंय."

"म्हशीचं असतंय. बाईचं तसं नसतंय, सिस्टर म्हणल्या, काढला तरी बनत राहतो. पण ह्ये आत्यांना पटवस्तोवर बाळाचं बारसं व्हईल. आमच्या फ्रिजात ठेवला तर दिवसातून धा वेळा उघडत्यात त्या. तुमचा फ्रीजर गावात सगळ्यात गार."

पार्वतम्मानं डबी हातात घेतली नाही. "आन् माझी नजर?" ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत हा शब्द तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता.

शिवप्रिया जराही अडखळली नाही. "माझ्या पहिल्या पोरीकडं तर तुमी कवा बघितलंबी न्हाय, मावशी. तरी झटके आलेच की."

पार्वतम्माला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं डबी घेतली आणि ऑरेंजच्या कांड्या बाजूला सारून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवली.

त्यानंतरचे दिवस पार्वतम्माला पुढंही कधी नीट वेगळे करून आठवले नाहीत. उन्हाळ्याच्या दुपारी तशाही एकमेकींत मिसळलेल्या असतात. सकाळची शाळा सुटून पोरं पांगली की गल्लीत माणूस दिसायचं नाही. पत्रा तापून टकटक वाजायचा आणि फ्रीजर एका सुरात गुणगुणत राहायचा. चार वाजता शिवप्रिया यायची, डबीत त्या दिवसाची नळी टाकून जायची. पहिले दोन दिवस नुसता पुसट रंग, चौथ्या दिवशी पाव नळी, सातव्या दिवशी अर्धी. एके दिवशी गर्द पिवळा, एके दिवशी फिका. पार्वतम्माला आता न वाचता, नुसत्या रंगावरून तारीख सांगता यायला लागली.

ती बघायची. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, मग मोजायचंच सोडून दिलं. फ्रीजरचं झाकण उचललं की थंड पांढरी वाफ तोंडावर यायची. त्या वाफेत हात घालून ती डबी उघडायची आणि त्या पिवळ्या नळ्यांकडं बघत उभी राहायची. तिथं कुणी पदर ओढत नव्हतं. जे अजून जन्मलंही नव्हतं त्या बाळाचं पहिलं जेवण तिच्या घरात होतं, आणि तिला हवं तेवढं बघता येत होतं. बघता बघता दुपार सरायची. कधी ती उभी असायची, कधी खाटेवर; जागी असायची का झोपेत, तेही सांगता यायचं नाही. एकदा तिला दिसलं, की फ्रीजरला तळच नाही, पांढरं रान पार क्षितिजापर्यंत गेलं आहे आणि त्यात लांबवर पिवळी फुलं उभी आहेत. एकदा दिसलं, की गल्लीतल्या साऱ्या बायका लेकरं घेऊन तिच्या दारात बसल्या आहेत आणि म्हणताहेत, आता तू बघितल्याशिवाय आम्ही उठायच्या नाही. जाग आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण त्या दिवशी भाकरी करताना ती गुणगुणत होती, आणि मल्लिनाथनं दोनदा वर मान करून पाहिलं.

तेरा तारखेला ऊन फार होतं. अकरा वाजल्यापासूनच अंग भाजत होतं. पार्वतम्मानं फ्रीजरचं झाकण उचललं, खाली पळी अडकवून चार बोटं फट ठेवली, खाट ओढून तिच्यावर बसली, डोकं त्या फटीशी टेकवलं आणि आतल्या डबीकडं बघत राहिली. थंडावा कपाळावरून उतरत गेला. मग ती तेरला होती, तेरणेच्या काठाला, दहा-अकरा वर्षांची. नदीला पाणी आलं होतं, पाणी थंडगार होतं, आणि ती घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. पलीकडच्या काठावरून कुणीतरी तान्हं बाळ हातावर धरून तिला दाखवत होतं. तिला ते नीट दिसत नव्हतं म्हणून ती एकेक पाऊल पुढं टाकत होती.

ती जागी झाली तेव्हा पाय खरंच ओले होते. खोलीत पाणी झालं होतं. फ्रीजर मुका होता. वीज कधी गेली, कुणास ठाऊक. घड्याळात साडेतीन वाजले होते. पळी तशीच अडकलेली, झाकण तसंच उघडं. कांड्या मऊ पडल्या होत्या. तिनं डबी काढली. नऊच्या नऊ नळ्यांत पिवळा थेंब इकडून तिकडं वाहत होता.

अशा वेळी करायचं ते तिच्या हाताला माहीत होतं. उन्हाळ्यात वीज जाते, गारेगार विरघळतं, वीज येते, परत गोठतं. पोरं चोखतात, कुणाला काही होत नाही. तिनं लादी पुसली, डबी होती तिथं ठेवली, झाकण घट्ट लावलं. पावणेचारला वीज आली. चारला शिवप्रिया नवी नळी घेऊन आली, आणि पार्वतम्मानं ती नऊ नळ्यांच्या शेजारी ठेवली. रात्रीपर्यंत सगळं टणक झालं. निभावलं, असं वाटून ती शांत झोपली.

पंधराला शिवप्रिया जरा जास्त वेळ बसली. पाय सुजले होते, ते खाटेवर घेऊन ती दवाखान्यातली गंमत सांगत होती. कुणा एका बाईच्या नवऱ्यानं गोठवलेला चीक शर्टाच्या खिशात घालून आणला, आणि निकिता सिस्टरनं त्याला सगळ्यांदेखत झापलं.

"आता इतळला म्हणून काय झालं, परत बरफात ठिवतो, म्हणाला त्यो," शिवप्रिया हसत म्हणाली. "सिस्टर म्हणल्या, एकदा इतळला की परत गोठवायचा न्हाय, बाबा. त्यात जंतू व्हत्यात. जन्मलेल्या लेकराच्या पोटात त्ये गेलं तर त्यापरीस न दिलेला बरा. तुमच्याकडं हाय म्हणून मला घोर न्हाय, मावशी."

पार्वतम्माला बोलायचं होतं, पण तोंड उघडेना. शिवप्रिया उठून गेली आणि हिनं दाराची कडी लावून घेतली, जणू कुणी मागं लागलं होतं.

तिनं नजर लावून लावून तो चीक नासवला होता. गाव अठ्ठावीस वर्षं म्हणत होतं ते खोटं आहे, असं ती स्वतःला सांगत आली होती. आणि आता बघत बसली म्हणूनच झाकण उघडं राहिलं होतं. खरं सांगितलं तर गाव काय म्हणेल ते तिला शब्दासकट ऐकू येत होतं. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. गोठलेल्या नळीवर वितळल्याची खूण राहत नाही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. चार वाजता येईल तेव्हा सांगू.

पण सोळाला उजाडतानाच गल्लीत ॲम्ब्युलन्स आली. शिवप्रियाच्या कळा सुरू झाल्या होत्या. आशाताई तिच्याबरोबर गाडीत चढल्या आणि गाडी गेली. अर्ध्या तासानं पार्वतम्माच्या दारात सिद्धम्मा उभी होती. हातात बाळंतिणीच्या कपड्यांचं गाठोडं होतं. ह्या उंबऱ्याशी ती कितीतरी वर्षांनी आली होती.

"पारू," ती म्हणाली, "सुनंनं तुझ्यापाशी कायतरी ठिवलंय म्हणं. गाडीत चढताना माझा हात सोडंना. डबी आणा, डबी आणा. आशाताईनं सांगितलं मग समदं. दे."

"म्या बी येते," पार्वतम्मा म्हणाली. "बरफात न्यावं लागतंय. तुमाला जमायचं न्हाय, सिद्धाक्का."

हे मात्र खरं होतं. तिनं पाण्याच्या जाड जगमध्ये बर्फ ठेचून भरला, त्यात मूठभर मीठ टाकलं, मध्ये डबी रोवली आणि जगला ओलं गोणपाट गुंडाळलं. मिठानं बर्फ आणखी गार होतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हात झरझर चालत होते, आणि प्रत्येक कामागणिक ती स्वतःला म्हणत होती, आता सांग, हे बांधून झालं की सांग.

मल्लिनाथनं त्या दिवशी वाटेत एकही शीट घेतलं नाही. मागं दोघीच समोरासमोर बसल्या होत्या. सकाळचं कोवळं ऊन आत-बाहेर करत होतं. रिकामी रानं, कडब्याच्या गंजी, चिंचांची झाडं, सगळं संथपणे मागं जात होतं, आणि पार्वतम्माला वाटत होतं की ही वाट संपूच नये. जग सिद्धम्माच्या मांडीवर होता. तिनं सवयीनं त्यावर पदर ओढला होता. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं तो पदर बाजूला केला.

"मला लई राग आला, पारू," सिद्धम्मा म्हणाली. "सासूला चोरून शेजारणीला सांगती. मग वाटलं, सांगितलं असतं तर म्या ऐकलं असतं व्हय? म्या तिला चार म्हशींची गोष्ट सांगितली असती." तिनं ओलं गोणपाट नीट आवळलं. "तू बारा दिस राखलंस. रक्ताची बी असं करत न्हाईत. आता पुढली म्हैस व्याली की पहिली वाटी तुझ्याकडं यील. सांगून ठिवते."

ज्या एका वाक्यासाठी पार्वतम्मानं उभा जन्म वाट पाहिली होती, ते वाक्य नेमकं आज आलं. तिचे डोळे भरून आले. सिद्धम्माला वाटलं, आनंदानं आले. तिनं पार्वतम्माच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पार्वतम्माला वाटलं, टमटममधून उडी टाकावी.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा बाळ होऊन अर्धा तास झाला होता. मुलगी. "यव्वा, कूसू!" सिद्धम्मा म्हणाली, म्हणजे 'बाई गं, बाळ!'; आनंद झाला की तिला माहेरचं कानडीच आठवायचं. निकिता सिस्टर लगबगीनं बाहेर आली. वय असेल पंचविशीचं, पण आवाजात हुकमत होती.

"आणलं का? बाळाची शुगर कमी आहे आणि अजून ते नीट ओढत नाहीये. लगेच द्यायचंय. किती नळ्या आहेत?"

"बारा," सिद्धम्मा अभिमानानं म्हणाली आणि जग पुढं केला.

सिस्टरनं डबी काढली, टोपणं पाहिली, हात लावून टणकपणा पाहिला. "वा. अगदी छान ठेवलंत." ती डबी घेऊन वळली. पाच पावलं गेली, सहा पावलं गेली. दाराला हात लावला.

"सिस्टर, देऊ नका!"

पार्वतम्माचा आवाज इतका मोठा निघाला की बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

"नऊ नळ्या खराब हायेत. चार तारखेपासून बारापर्यंतच्या. तेराला दुपारी इतळल्या. म्या परत गोठवल्या. गारेगार गोठवतो तशा. मला ठावं नव्हतं. पण काल कळलं, आन् कालबी म्या बोलले न्हाय." ती दोन पावलं पुढं आली. "लाईट गेली म्हणून नुसतं न्हाय. म्याच झाकण उघडून बघत बसले व्हते. बघता बघता डोळा लागला."

सिस्टरनं डबी खिडकीच्या उजेडात धरली आणि तारखा वाचत एकेक नळी वेगळी केली. नऊ नळ्या बाजूच्या बादलीत पडल्या. प्रत्येक पडल्याचा बारीक आवाज झाला, आणि पार्वतम्मानं तो नऊही वेळा ऐकला.

"तीन उरल्या," सिस्टर म्हणाली. "त्यांना काही झालेलं नाही ना? नक्की?"

"त्या नंतरच्या. त्यांना काय झालं न्हाय. देवाशप्पथ."

"मग आत्ता त्याच. बरं झालं बोललात," असं म्हणून ती आत गेली.

सिद्धम्मा बाकावरून उठली आणि जाऊन पलीकडच्या बाकावर बसली, भिंतीकडं तोंड करून. पार्वतम्मा जागची हलली नाही. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. वरचा पंखा हळू फिरत होता, आणि त्या आवाजात तिला फ्रीजरची गुणगुण ऐकू यायला लागली. डोळे मिटले की नदी दिसायची, पण आता पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. असा तास गेला. कदाचित जास्तही गेला असेल.

सिस्टर परत आली तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. "शुगर वर आली. दोन नळ्या पुरल्या, तिसरी हाताशी आहे. आणि तिसरीनंतरचीही काळजी नाही. शिवप्रियाचा हात बसलाय. सांगावंसुद्धा लागलं नाही, चमच्यात थेंब काढतेय ताजे. बारा दिवसांचा सराव फुकट गेला नाही. पेटीची वगैरे गरज नाही. दर तीन तासांनी शुगर बघू. जा आत."

सिद्धम्मा आत गेली. पार्वतम्मा दारापाशीच थांबली, खिडकीकडं तोंड करून.

"मावशी," आतून शिवप्रियाचा थकलेला आवाज आला, "सिस्टरनं सांगितलं मला."

"नऊ गेल्या गं, पोरी."

"तीन राहिल्या की," शिवप्रिया म्हणाली आणि रडायला लागली. मग पार्वतम्माही रडली, दारातच, मान फिरवलेलीच.

दिवस असाच गेला. शिवानंद, शिवप्रियाचा नवरा, पुण्याहून निघाला होता. दुपारी बाळानं आईला तोंड लावलं, सोडलं, परत लावलं. सिद्धम्मा अवाक्षर बोलत नव्हती. पार्वतम्मानं तीनदा घरी जायला म्हणून पिशवी उचलली आणि तीनदा खाली ठेवली.

चार वाजता बेंबळीच्या तीन बायका बाळ बघायला आल्या. नऊ नळ्यांची बातमी आधीच गावात पोचली होती, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. खाटेभोवती उभ्या राहून त्यांनी बाळाचं कौतुक केलं. मग त्यांतल्या एकीला दारातली पार्वतम्मा दिसली. तिनं आपला पदर सोडवला आणि बाळाच्या तोंडावर ओढला.

पार्वतम्मानं पिशवी उचलली. ह्या वेळी ती खरंच निघाली होती.

"पदर काढ," सिद्धम्मा म्हणाली.

"अवं, तसं न्हाय, पण नऊ नळ्या हिनं बघून बघून..."

"पदर काढ म्हणते ना." सिद्धम्मा उठून उभी राहिली. "तिघी हायसा, ऐकून घ्या. पारू, तू बी थांब. अठ्ठावीस वर्सं झाली. माझा पहिला पोरगा. सासू म्हणली, पिवळा चीक नासका असतो, तीन दिस पिळून टाक. म्या पिळून टाकला. लेकरू भुकेनं वरडत व्हतं आन् म्या त्याला मधाचं बोट चाटवत व्हते. पाचव्या दिशी गेलं." तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "लोक इचारायला लागले, कशानं गेलं. सासू म्हणली, शेजारची नवी सून पाळण्यात डोकावली व्हती. म्या व्हय म्हणलं. डोकावली व्हतीच ही. झबलं शिवून आणलं व्हतं हिनं. हिच्या नजरेनं न्हाय गेलं त्ये. उपाशी गेलं. मला तवाच ठावं व्हतं. आज हिनं सकाळी त्या सिस्टरपुढं जसं सांगितलं, तसं मला अठ्ठावीस वर्सांत सांगता आलं न्हाय."

पार्वतम्माला ते झबलं आठवलं. निळं होतं, गळ्याला पांढरी पट्टी. तिला सिद्धम्माची दया वगैरे काही आली नाही. राग आला, तळपायापासून आला. एका 'व्हय'नं तिचं सारं आयुष्य मान फिरवून उभं केलं होतं.

"ह्ये गावात सांगायचं, सिद्धाक्का," ती म्हणाली. "ज्या ज्या दारी वाटी गेली, त्या त्या दारी."

सिद्धम्मानं मान हलवली. "सांगते," ती म्हणाली. "उद्यापासनं."

पदर ओढणाऱ्या बाईनं हळूच पदर मागं घेतला. शिवप्रिया सरकली आणि खाटेवर हातभर जागा केली. पार्वतम्मानं पिशवी खाली ठेवली, आणि येऊन तिथं बसली. बाळाचे केस ओले, कपाळाला चिकटलेले. एक कान दुमडलेला. ओठाच्या कोपऱ्यात पिवळा थेंब सुकलेला होता. पार्वतम्मानं मान फिरवली नाही. ती बघत राहिली, पोटभर बघत राहिली, आणि बाळ निवांत झोपून होतं.